देवळीतला कप

माणदेशातल्या आमच्या घराच्या ओसरीवर, दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीत एक देवळी आहे. कधी काळी तिथे तिन्हीसांजेला दिवा लागत असेल. मला आठवतं तेव्हापासून तिच्यात चिनी मातीचा एक कप पालथा घातलेला असायचा. काठाला निळी रेघ, कान तुटलेला. आमच्याकडे सालानं राहिलेले गडी सकाळी यायचे, आपल्या हातानं तो कप काढायचे आणि अंगणात उकिडवे बसायचे. आई जरा वाकून वरून चहा ओतायची. पिऊन झाला की ते तांब्यातल्या पाण्यानं कप विसळायचे आणि पुन्हा देवळीत पालथा घालायचे. या सगळ्यात कुणी कुणाला काही सांगत नसे. सांगावं लागतच नसे.

लहानपणी हे रोज पाहिलं. पुढे समाजशास्त्रात एम.ए. केलं. १९८८ साली तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले आणि अकरावीच्या मुलांना ‘सामाजिक संरचना’ नावाचं प्रकरण फळ्यावर आकृत्या काढून समजावू लागले. दर शनिवारी एसटीनं घरी यायचे. कप तिथेच होता. तो मला दिसायला आठ वर्षं लागली.

‘संरचना’ हा शब्द मुलांना जड जातो. घराला पाया, भिंती, छप्पर असतं तशी समाजालाही रचना असते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करून टाकतात. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात कोरे कागद वाटायचे. आपल्या गावाचा नकाशा काढा म्हणायचे. मोजमाप नको, आठवेल तसा काढा. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक होते पॅट्रिक गेडिस, आणि ते नगररचनेतले मोठे नाव. वस्ती पायाखालून घातल्याशिवाय तिच्याविषयी बोलू नये, अशी त्यांची रीत होती. विषयाची आपल्याकडची सुरुवात अशी रस्त्यावरून चालत झालेली आहे, हे मला फार आवडतं. आमचा नकाशा हे त्याचंच गरीब रूप.

बहुतेक मुलांचा नकाशा मारुतीच्या देवळापासून सुरू व्हायचा. मग चावडी, मग मोठ्या वाड्यांची आळी, शाळा, आणि कागदाच्या कडेला, जागा उरली तर, दोन-चार बारके चौकोन. एका वर्षी एका मुलीनं कागद उलटा धरल्यासारखा नकाशा काढला. मधोमध एसटीचा थांबा, त्याला लागून तिचं घर, विहार, पाण्याची टाकी, अंगणवाडी. वरच्या कोपऱ्यात छोटंसं वर्तुळ आणि त्यात लिहिलेलं, ‘गाव’.

मी तिला विचारलं, “तू गावात राहत नाहीस का?” ती म्हणाली, “गावात नाही मॅडम, वस्तीत.” मग मला आठवलं, आमच्या घरी येणारी माणसंही हेच म्हणायची, ‘गावात जाऊन येतो.’ ती ज्या गावची, त्याच गावात ती जाऊन यायची. आमच्याकडे ही वस्ती गावाच्या पूर्वेला आहे, आणि वर्षातले पुष्कळ दिवस वारा पश्चिमेकडून वाहतो. गावावरून गेलेला वारा वस्तीवर यावा, वस्तीवरचा गावावर येऊ नये, इतका विचार ती जागा ठरवताना झालेला आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं जातींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. आमच्याकडच्या वस्तीला आता चांगलं नाव आहे, कमान आहे, सिमेंटचा रस्ता आहे. जागा तीच आहे.

त्याच मुलीनं वर्षाच्या मध्यावर मला तो प्रश्न विचारला.

मी तेव्हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम शिकवत होते. १८९३ साली त्यांनी श्रमविभागणीवर जे लिहिलं त्याचा गाभा असा, की साध्या समाजात माणसं एकसारखी असतात म्हणून एकत्र राहतात आणि गुंतागुंतीच्या समाजात ती वेगवेगळी कामं करतात, एकमेकांवाचून त्यांचं अडतं, म्हणून एकत्र राहतात. हे समजवायला माझ्याकडे हुकमी उदाहरण होतं, गावगाड्याचं. मला ते खळ्यासकट आठवत होतं. सुगीत शाळूची कणसं खुडून खळ्यावर यायची. मधोमध रोवलेला तिवडा, त्याच्याभोवती फिरणारी बैलांची पात. मळणी झाली, वारा बघून उपणणी झाली, रास पडली की बलुतेदार यायचे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग. बारांची यादी गावोगाव थोडी बदलते. त्यांच्या तीन ओळी असत, थोरली, मधली, धाकटी, आणि ओळीप्रमाणे वाटा कमीजास्त. वर्षभर नांगर दुरुस्त करणाऱ्याला, दाढी करणाऱ्याला, मडकी देणाऱ्याला धान्य. पैशाचा व्यवहार नाही, सगळे एकमेकांवर अवलंबून. मी रंगात येऊन सांगत होते. गाड्याची सगळी चाकं मिळून गाडा चालतो, असं काहीतरी म्हणालेही असेन.

ती उभी राहिली. “मॅडम, सगळे एकमेकांवर अवलंबून होते, तर मातेरं कुणाच्या वाट्याला?”

ज्यांनी खळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रास भरून नेली की जमिनीलगत माती, खडे आणि दाणे एकात एक मिसळलेले उरतात, ते मातेरं. ते गोळा करून, पाखडून, धुऊन त्यातनं दाणे काढायचे. तिची आजी ते करायची. मला उत्तर सुचलं नाही. “संघर्षाचा सिद्धान्त पुढच्या प्रकरणात आहे, तेव्हा बघू,” म्हणाले आणि पुढे गेले. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मला घरात एका जागी बसवत नाही. तिनं एका शब्दात अख्ख्या विषयातला सगळ्यांत मोठा वाद मांडला होता. अवलंबून तर सगळेच होते, पण राशीच्या वरच्या बाजूनं अवलंबून असणं आणि तळातनं अवलंबून असणं यांत फरक होता. मी वरच्या बाजूला बसून शिकवत होते, आणि तिथून गाडा सुरेखच दिसतो.

त्या शनिवारी ओसरीवर पाय ठेवला आणि देवळीतला कप दिसला.

आईला विचारलं, “हा कप बाहेर का असतो?” आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. “त्यांना तसंच बरं वाटतं,” म्हणाली.

माझी आई दुष्ट नाही. शेजारच्या घरी मयत झालं तर चूल न पेटवता आधी त्यांच्याकडे भाकरी पाठवणारी बाई आहे. गड्याच्या लेकीच्या लग्नात तिनं स्वतःचे पैंजण मोडून दिले होते. वडील तर साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात शिकले. तिथे १९२४ पासून सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः रांधत आणि एका पंगतीत जेवत. वडील ते दिवस डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. तेच वडील आमच्या ओसरीवर पेपर वाचत बसलेले असताना देवळीतून कप निघायचा आणि देवळीत परत जायचा. वसतिगृहाची पंगत वसतिगृहात राहिली. घराची रीत घरात.

दुर्खीम म्हणतात, सामाजिक वास्तव माणसाच्या बाहेर असतं आणि त्याच्यावर दाब टाकतं. आपण त्याच्याप्रमाणे चालत असतो तोवर तो दाब जाणवत नाही, उलट फिरलो की जाणवतो. मी उलट फिरून पाहिलं. रविवारी पहाटे तो कप आत नेला, घासला आणि फळीवर इतर कपांत ठेवून दिला. सकाळी गडी आले. त्यांचा हात सवयीनं देवळीत गेला, रिकामा परत आला. आईनं आतला कप पुढे केला. ते तो घेईनात. “ऱ्हाऊ द्या वैनी, आज प्यायचा नव्हताच,” म्हणाले आणि शेतावर गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या शनिवारी मी आले तर कप देवळीत होता. त्यांनीच मागून घेतला होता. मला म्हणाले, “ताई, तुमी रव्वारी जाताय. आमाला हितंच ऱ्हायचंय.”

मला वाटलं होतं, मी काहीतरी बदलतेय. प्रत्यक्षात मी माझ्या समाधानाचं बिल त्यांच्या नावावर फाडत होते. आळीतल्या माणसांनी बोल लावला असता तो त्यांना. पुढच्या सालाची बोली करताना कुणी नाक मुरडलं असतं ते त्यांच्याकडे बघून. तोवर मी मुलांना सांगत आले होते की माणसाचा दर्जा दोन प्रकारचा असतो, जन्मानं चिकटणारा अर्पित आणि स्वतः मिळवलेला अर्जित. मानवशास्त्रज्ञ राल्फ लिंटन यांनी १९३६ साली केलेली ही विभागणी परीक्षेत हमखास येते. पण अर्पित दर्जा अंगावरून काढून ठेवायचा तर त्याची किंमत पडते, आणि ती प्रत्येकाला सारखी पडत नाही, हे मला त्या कपानं शिकवलं.

तेव्हापासून माझे कान एका क्रियापदाला लागले. आमच्या पुस्तकांत ‘सामाजिक परिवर्तन होते’ असं लिहितात. बोलण्यातही तेच. बलुतं बंद झालं. शिवाशिव कमी झाली. बायका शिकल्या. पाऊस पडला, ऊन पडलं, तसा बदल झाला. कर्ता कुणीच नाही.

आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एक जुनं केशकर्तनालय होतं. चालवणारे नाना आमच्याच गावचे. त्यांच्या वडिलांकडे गावचं बलुतं होतं. नाना आजारी आहेत कळलं म्हणून भेटायला गेले होते. बोलता बोलता मी म्हणाले, “तुमच्या वेळीच बलुतं बंद झालं ना?”

नाना उशीवरून अर्धे उठले. “झालं न्हाई. आमी बंद केलं.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील धोकटी काखेत मारून वाड्या-वाड्यांवर जायचे. ज्याच्या दारी जाऊ त्याच्या सवडीनं थांबायचं, तो जेवत असला तर अंगणात बसून राहायचं. वर्षाकाठी धान्य. पुढे धान्य कमी होत गेलं, कुणी ओलं द्यायचं, कुणी ‘पुढच्या सुगीला बघू’ म्हणायचं. काम मात्र तेवढंच. एका पाडव्याला वडिलांनी सांगून टाकलं, यंदापासून घरोघर येणार नाही, चावडीजवळ झाडाखाली बसेन, ज्याला करायची त्यानं यावं आणि रोख द्यावे. गावानं दोन महिने त्यांना दाढीला बोलावलं नाही. किराणा दुकानदार उधार देईना. आईनं दुसऱ्या गावात खुरपायला जाऊन घर चालवलं. मग एकेक जण झाडाखाली यायला लागला, कारण दाढी वाढतच होती.

पुढे नानांनी तालुक्याला खुर्ची टाकली. आरसा, भिंतीवर दरपत्रक. दरपत्रकाचं त्यांना फार कौतुक. “त्याच्यावर जात लिवलेली नसती,” म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी न विचारता पुढचं सांगितलं. त्यांच्या वडिलांनी गावात वस्तीवरच्या माणसांचे केस कधीच कापले नव्हते. ज्याला पाटलाच्या अंगणात ताटकळत बसवलं जायचं, तोही कुणाला तरी आपल्या वस्तऱ्यापासून लांब ठेवत होता. नानांच्या खुर्चीत एक दिवस वस्तीवरचा, नुकताच शिक्षक झालेला पोरगा येऊन बसला. बाकावरची दोन गिऱ्हाइकं उठून गेली. नाना म्हणाले, “माजा हात थरथरला. पर फडकं गळ्याला बांधलं.” उठून गेलेल्यांपैकी एक जण परत कधीच आला नाही.

न्हावी समाजानं असं काही करण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८९० साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला. मला हा प्रसंग भूमिकेच्या संकल्पनेवरचा सगळ्यांत उत्तम धडा वाटतो. त्या रिवाजाविरुद्ध लेख लिहिले जात होते, भाषणं होत होती. पण रिवाज शेवटी एका माणसाच्या हातातल्या वस्तऱ्यावर टेकलेला होता. त्या हातानं ‘मी नाही’ म्हटल्यावर काय होतं, हे त्यांनी करून दाखवलं. रचना म्हणजे वर कुठेतरी बांधलेली इमारत असं आपण समजतो. ती रोज सकाळी लोकांनी आपापली भूमिका पुन्हा केली म्हणून उभी राहते.

महाडचंही तसंच. समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असं त्यात होतं. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचं ठरवलं. कागदावर बदल झाला होता. तरी तळ्याचं पाणी कुणी प्यायलं नाही, पिऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची माणसं तळ्यापर्यंत चालत गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. परतताना त्यांनी मार खाल्ला. तळं ‘शुद्ध’ करून घेण्यात आलं. मामला कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. वर्गात मी या सालांची रेघ फळ्यावर आखायचे. ठराव आणि ओंजळ यांच्यामधली जागा बोटानं दाखवायचे. महार वतनाचंही, म्हणजे गावकामाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या हक्काचंही, असंच. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मांडलं आणि ती वतनं नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. मधे तीस वर्षं. एक अख्खी पिढी येसकरपाळीची, म्हणजे गावकामाच्या पाळीची, भाकर मागत म्हातारी झाली.

मग कुणी म्हणेल, दुष्काळ, यंत्रं, पैसा यांनी काहीच बदललं नाही का? बदललं. माझ्या आजीचंच उदाहरण आहे.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आमच्याकडे पाऊस नेहमीच कमी, पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले. घरात मिलो आला, परदेशातली ती तांबडी ज्वारी, तिची भाकरी तव्यावरच भेगाळायची. दुष्काळी कामं निघाली आणि आजी खडी फोडायला गेली. तोवर आमच्या घरातली बाई परक्याच्या कामावर कधी गेली नव्हती. आजी डोक्यावरचा पदर दातांत धरून खडी फोडायची. तिच्या रांगेत वस्तीवरच्या बायका होत्या, धनगरवाड्यातल्या होत्या, वाड्यातल्या सुनाही होत्या. मधल्या सुट्टीत सुकडी मिळायची.

आजीला दोन गोष्टी आयुष्यभर लक्षात राहिल्या. पहिली, मस्टरवरचं नाव. घरात तिला सगळे ‘थोरली’ म्हणत, तिचं नाव कुणी घेत नसे, बहुतेक कुणाला आठवतही नसावं. मुकादमानं ते मोठ्यानं पुकारलं तेव्हा ती काही क्षण ‘ओ’ द्यायलाच विसरली. मग अंगठा उठवला आणि तिच्या हातात तिचे पैसे पडले. घराला मिळालेले नव्हे, तिला मिळालेले. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर पोचली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कायद्याच्या इतिहासात त्या पुकाऱ्याची नोंद नसेल. आमच्या घरात आहे. त्यानंतर आजी बाजाराला स्वतः जायला लागली.

दुसरी गोष्ट तिनं मला फार उशिरा सांगितली. कामावर पाण्याचे दोन डेरे होते, कुणी न सांगता दोन. एका दुपारी टँकर आला नाही, अलीकडचा डेरा कोरडा पडला. आजी पलीकडच्या डेऱ्याकडे गेली आणि वस्तीवरच्या बाईनं ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. “मग काय झालं?” मी विचारलं. “काय व्हायचं? तहान भागली.” पण घरी तिनं हे कुणाला सांगितलं नाही. पाऊस पडला, कामं बंद झाली, आजी घरी आली. देवळीतला कप तिच्या डोळ्यांसमोर आणखी कितीतरी वर्षं राहिला. बाजाराला जाण्याची मुभा तिनं परत दिली नाही. डेऱ्याचं मात्र पोटात ठेवलं. एकाच उन्हाळ्यातले दोन बदल, एक टिकला, एक मिटून गेला. का, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधतेय. बाजार घराबाहेर होता आणि त्यात पैसा होता, म्हणून तो टिकला असावा. पाणी थेट माजघराशी जोडलेलं होतं.

यंत्र आलं की जात आपोआप झडते, अशी माझी विद्यार्थिदशेत ठाम समजूत होती. ती मुंबईच्या गिरण्यांनी मोडली. आमच्या भागातले असंख्य लोक गिरणगावात गेले, मनिऑर्डरींवर इथली घरं चालली. पण गिरणीतल्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि दुसऱ्याच्या तोंडाचा धोटा चालणार नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे लावून धरला. वाफेवर चालणारी गिरणी, हजारो चात्या, आणि अख्ख्या गावाची शिवाशिव त्या धोट्याच्या बोटभर भोकातून आत आलेली. समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ साली मांडलं होतं की वस्तू पुढे जातात आणि रीतिभाती मागे रेंगाळतात. मला वाटतं, त्या नुसत्या रेंगाळत नाहीत. नव्या वस्तूत बसायला जागा शोधतात.

आमचा कप तसाच गेला. गड्यांनी काम सोडलं, त्यांची मुलं पुण्याकडे गेली, शेतीला ट्रॅक्टर आला. दोन हजार सालानंतर कधीतरी घरात कागदी कपांची चळत आली. लग्न, बारसं, गावजेवण, निवडणुकीची बैठक, सगळीकडे कागदी कप. पाटलाला तोच, वस्तीवरून आलेल्या सरपंचबाईंना तोच. मी खूश झाले होते. मग एकदा घरी आलेल्या प्लंबरला चहा द्यायचा होता. आईनं फळीवरचे स्टीलचे कप ओलांडून कागदी कपाला हात घातला. दुपारी भावकीतले काका आले, त्यांना स्टीलचा.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी कुठल्याही रीतीची दोन कामं सांगितली आहेत, एक उघड आणि एक झाकलेलं. कागदी कपाचं उघड काम भांडी वाचवणं. झाकलेलं काम असं, की कुणाचा उष्टा कप कुणी धुवायचा हा प्रश्नच उठू द्यायचा नाही. तुटक्या कपात निदान अपमान दिसत होता, त्याकडे बोट दाखवता येत होतं. इथे बोट कशाकडे दाखवणार? चुरगळून टाकला की पुरावा संपला. तरीही आजच्या सरपंचबाई आमच्या ओसरीवर खुर्चीत बसतात, ग्रामसभेत त्यांच्या सहीशिवाय कागद हलत नाही आणि त्यांची मुलगी इंजिनीअर आहे. हे सगळं खरं आहे, मोठं आहे, आणि ते कागदी कपामुळे घडलेलं नाही.

मातेऱ्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आज प्राध्यापक आहे. मध्यंतरी तिनं मला फोनवर सांगितलं, तीही वर्गात नकाशे काढून घेते. मी तिची माफी मागितली, पंचवीसेक वर्षांनी. ती म्हणाली, “मॅडम, तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून मी शोधायला लागले.” हे तिचं मोठेपण. मी ते माझ्या खात्यावर जमा करून घेतलेलं नाही.

आई आता पंचाऐंशीच्या पुढे आहे. दीड वर्षापूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर. तिचं सगळं करायला एक मुलगी येते, नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली, पूर्वेकडच्या वस्तीतली. पहिल्या आठवड्यात आईनं तिला विचारलं, “तू कुणाची गं?” तिनं आजोबांचं नाव सांगितलं. ज्यांचा हात सवयीनं देवळीत जायचा, त्यांची ही नात. आई बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली.

त्या मुलीला देवळीचं काहीच माहीत नाही, आणि सांगायची माझी हिंमत झालेली नाही. ती सकाळी येते, आईला उठवून बसवते, अंग पुसते, चहा करते. दोन स्टीलचे कप भरते आणि खाटेच्या कडेला टेकून आईबरोबर पिते. सुरुवातीला आई तिच्याकडे पाठ करून प्यायची. मला हेही दिसतं की जिच्या आजोबांनी आमच्या भांड्यांना हात लावायचा नव्हता तिला आता तीच भांडी घासायचा आम्ही पगार देतो, आणि घासणारा हात अजून त्याच वस्तीतला आहे. तो पगार मात्र ती रोखीनं, महिन्याच्या एक तारखेला, ठरवून घेते. गेल्या दिवाळीत तिनं तो वाढवून मागितला, आणि आईनं काही म्हणायच्या आत मी हो म्हणाले.

परवा मी दारात उभी होते. चहा झाला होता. ती मोरीत कप घासत होती, आणि आई खाटेवरून बघत होती.

“बुडाला नीट घास गं,” आई म्हणाली. “डाग राहतो.”

“कुठल्या कपाला, आज्जी?”

“दोन्हीला.”